फुललेल्या बागेवर उशिराचा पाला : ग्वाल्हेरच्या अंगणांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जानेवारी सरता सरता ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या ओळखीच्या घरांतून सकाळी सातच्या आत फोन यायला लागतात. नमस्कार-चमत्कार काही नाही, थेट "डेलिया गेला हो!" किंवा "झेंडू उकडल्यासारखा झालाय, काय करू?" जीवाजीगंजातल्या आमच्या जुन्या वाड्याच्या अंगणात मी बरीच वर्षं माती उकरतोय, तेवढ्या भांडवलावर लोक मला विचारतात. तीच उत्तरं दर हिवाळ्यात तीस वेळा देण्यापेक्षा एकदाच लिहून काढली.

पाला पडला म्हणजे काय? पानं गळाली का?

हे ग्वाल्हेरात कुणी विचारत नाही, पुण्या-नागपूरचे नातेवाईक विचारतात. आमच्या मराठीतला हा पाला हिंदीतून आलेला आणि अस्सल मराठी पाल्याच्या अगदी मुळावर उठलेला. "पाल्यावर पाला पडला" असं इथे शाळकरी पोरही बोलतं आणि पाहुणा बुचकळ्यात पडतो. मराठी पुस्तकांत याला दहिवर म्हणतात. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी असं झालं की वर्तमानपत्रं "दवबिंदू गोठले" असं छापतात आणि लोक गाड्या काढून फोटोला जातात. आमच्याकडे ज्याच्या अंगणात पडतो तो फोटोच्या मनःस्थितीत नसतो.

होतं असं : पानाचं तापमान शून्याखाली उतरलं की हवेतली वाफ त्यावर थेट बर्फाचे कण होऊन बसते, कडेकडेनं पिठीसाखर भुरभुरल्यासारखी. हवा फारच कोरडी असली तर पांढरं काही दिसत नाही, पान मात्र आतून गोठतं. हा काळा पाला, आणि हाच जास्त वाईट. पांढऱ्या पाल्यात वाफेचा बर्फ होताना निदान थोडी उष्णता तरी सुटते. पानात पेशींच्या मधल्या जागेतलं पाणी आधी गोठतं, तो बर्फ पेशीच्या आतलं पाणी ओढून घेतो, पेशी आक्रसते आणि तिचं आवरण फाटतं. ऊन आलं की पान शिजवलेल्या पालकासारखं लिबलिबीत होतं आणि दुपारपर्यंत काळं.

मोबाईलवर किमान तापमान ४ अंश दाखवत होतं. ४ ला पाणी गोठतं का?

नाही गोठत. पण ते ४ अंश तुमच्या डेलियाचे नव्हेत. हवामान खात्याचा तापमापक जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत, छपराखाली असतो. निरभ्र आणि निवांत रात्री गवताच्या पातळीवरचं तापमान त्याहून ३ ते ५ अंशांनी कमी भरू शकतं. म्हणजे पेटीत ४ आणि पेटुनियाच्या पानावर शून्य किंवा त्याखाली. मैदानी भागात किमान तापमान ४ किंवा त्याखाली गेलं की खातं शीतलहर म्हणतं, २ किंवा त्याखाली गेलं की तीव्र शीतलहर. बागवाल्यानं मात्र ५ चा आकडा दिसला की चादरी काढाव्यात.

आता या सगळ्या लिखाणाचं मर्म सांगतो. बाकीची निम्मी उत्तरं त्यातून आपोआप निघतात. दिवसा जमीन आणि झाडं उन्हात तापतात आणि रात्री ती उष्णता न दिसणाऱ्या किरणांनी वर सोडत राहतात. वर ढग असले, धुकं असलं, आंब्याची फांदी असली, निदान ओसरीचं पत्र्याचं छप्पर असलं, तरी त्यातली बरीचशी उष्णता परत खाली येते. वर नुसतं उघडं आकाश असेल तर गेली ती गेली. म्हणून मी फोनवर पहिला प्रश्न विचारतो : झाडाच्या जागी तुम्ही उताणे झोपलात तर वर किती आकाश दिसेल? आमच्या अंगणात आंब्याखालची गुलमेंदी वाचते आणि तिच्यापासून चार पावलांवरची, उघड्यावरची, जाते. थंडी दोघींना सारखीच होती.

वसंत पंचमी झाली, आता कसला पाला?

वसंत पंचमी चंद्राच्या हिशेबानं येते. २०२४ साली ती १४ फेब्रुवारीला होती, २०२६ साली २३ जानेवारीला. पंचांगात वसंत आला म्हणून उत्तरेचा वारा रस्ता बदलत नाही. ग्वाल्हेरात पाल्याचा मुख्य काळ डिसेंबरचा उत्तरार्ध आणि जानेवारी, पण फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यातही एखादी रात्र हात दाखवून जाते. मेळा चालू असतो, दुपारी स्वेटर नकोसा होतो, तिळाच्या गजकाचा शेवटचा डबा घरात असतो, आणि नेमकं तेव्हा.

क्रम ठरलेला असतो. पश्चिमेकडून विक्षोभ (हिवाळी पाऊस आणणारी हवेची प्रणाली) येतो, आभाळ भरतं, मावठ्याच्या चार सरी पडतात. त्या दिवसांत रात्री उबदार असतात. विक्षोभ पुढे सरकला की आकाश धुऊन पुसून लख्ख होतं आणि वायव्येकडून कोरडी थंड हवा उतरते. पहिल्या रात्री वारा असतो, तो हवा ढवळत राहतो, त्यामुळे सहसा निभावतं. वारा पडतो ती दुसरी-तिसरी रात्र घातकी.

उशिराचा पाला जास्त लागतो तो मात्र थंडी जास्त असते म्हणून नव्हे. झाड तोवर गाफील झालेलं असतं. याची नीट मापं थंड प्रदेशातल्या फळबागांनी काढून ठेवली आहेत. सफरचंदाची झोपलेली कळी उणे १५ अंशांचीही थंडी सोसते. तीच पूर्ण उमलली की उणे २ च्या आसपास फुलं मरायला लागतात आणि उणे ४ ला जवळजवळ सगळी जातात. म्हणून काश्मीर-हिमाचलात मार्च-एप्रिलमध्ये, बदाम-सफरचंद फुलल्यावर, लोक आकाशाकडे बघत बसतात. फ्रान्समध्ये २०२१ च्या एप्रिलमध्ये द्राक्षवेली फुटल्यावर असाच पाला आला, तेव्हा मळ्यांतून रात्रभर हजारो मेणबत्त्या पेटवल्या, तरी नुकसान प्रचंड झालं. माझी भाची जर्मनीत असते. तिच्याकडे मेच्या ११ ते १५ तारखांना हिमसंतांचे दिवस म्हणतात आणि ते सरेपर्यंत म्हाताऱ्या बायका टोमॅटोचं रोप बाहेर लावू देत नाहीत. आपल्याकडे असे संत नाहीत. आमच्या घरात महाशिवरात्र हीच हद्द मानतो.

आज रात्री पडेल का, हे संध्याकाळी कसं ओळखायचं?

दिवेलागणीला तुळशीपुढची उदबत्ती बघा. धूर सरळ काठीसारखा वर जात असेल, चांदण्या टाचणीनं टोचल्यासारख्या दिसत असतील आणि संध्याकाळी सहालाच पारा १० च्या घरात आला असेल, तर तयारी करा. रात्री दहाला जेवण आटोपून बाहेर या आणि स्कूटीच्या सीटवर हात फिरवा. सीट ओली लागली तर थोडा धीर धरा : दव जमताना उष्णता सुटते आणि तापमान घसरणं मंदावतं. सीट कोरडी ठणठणीत आणि बर्फासारखी गार लागली तर हवेत वाफच नाही, म्हणजे काळ्या पाल्याची रात्र.

दाट धुकं उतरलं असेल तर खुशाल झोपा. धुक्याची दुलई आपल्या चादरीपेक्षा भारी.

शेजारी काहीच झालं नाही. आमच्याच अंगणावर का?

थंड हवा जड असते. ती पाण्यासारखी उताराकडे वाहते आणि सखल जागी साचते. स्वर्णरेखा नदीच्या बाजूचं सखल अंगण आणि टेकाडावरचं अंगण यांत एकाच रात्री दोन-तीन अंशांचा फरक पडू शकतो. अंगणाला चारी बाजूंनी भिंत आणि एकच बंद फाटक असेल तर उतरलेली हवा बाहेर जायला वाट नसते. अशा रात्री उताराकडचं दार किलकिलं ठेवा.

भिंतींचा फायदाही आहे. जुन्या वाड्यांच्या दगडी भिंती दिवसभर ऊन खातात आणि रात्री हळूहळू परत देतात. दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीला टेकवलेली कुंडी (आमच्या घरात गमलाच म्हणतात, आता कोण बदलणार) बहुधा सुखरूप असते. गच्चीचं दुटप्पी आहे : साचलेल्या थंड हवेतून ती सुटते, पण आकाश सगळीकडून उघडं. कठड्याच्या आत, टाकीला चिकटवून ठेवा.

आधी कुणाला वाचवू?

हात दोनच असतात, म्हणून क्रम हवा. पहिल्या फळीत डेलिया, झेंडू, गुलमेंदी, नॅस्टर्शियम, जास्वंद, कोलियस, टोमॅटो, वांगी, मिरची, बटाट्याचा पाला (हा मराठी पाला!), पपई आणि दोन वर्षांच्या आतलं आंब्याचं रोप. पपईचं खोड पोकळ आणि पाणीदार, म्हणून ती उभ्याउभ्या कुजते. केळीची पानं जळतात पण कंद टिकतो.

पॅन्सी, कॅलेंडुला, स्वीट पी, फ्लॉक्स, होलिहॉक, गुलाब यांची फार काळजी करू नका. स्वीट पी सकाळी मान टाकून पडलेली दिसते आणि अकरापर्यंत उठून उभी राहते. तिला बघून रडू नका. पेटुनिया मधली, किरकोळ पाला सोसते. मनी प्लँट आणि क्रोटनसारख्यांना पाला लागायचीही गरज नसते, नुसत्या गारठ्यानंच पानं डागाळतात. त्यांना डिसेंबरातच ओसरीत घ्यावं.

डिसेंबरात युरिया घातलेली झाडं सगळ्यांत आधी जातात. लुसलुशीत पोपटी फूट बघून आपण खूश होतो, पाला त्याहून खूश होतो.

झाकायचं कशानं?

जुनी सुती चादर, धोतर, लुगडं, गोणपाट, जे घरात असेल ते. दोन नियम. कापड काठ्यांवर तंबूसारखं ताणा, पानाला चिकटू देऊ नका. आणि ते जमिनीपर्यंत आणून कडेला विटा ठेवा, कारण आपल्याला जमिनीतून येणारी ऊब कोंडायची आहे. झाडाच्या डोक्याला फडकं बांधून बुंधा उघडा ठेवणं म्हणजे कानटोपी घालून अनवाणी फिरणं. ऊन चढलं की काढा.

प्लास्टिकचा धडा मी पदरचे पैसे देऊन शिकलो. एका वर्षी घाईत बांधकामाचं पारदर्शक प्लास्टिक थेट झेंडूच्या वाफ्यावर अंथरलं. सकाळी उचललं तर प्लास्टिकला टेकलेलं प्रत्येक फूल काळं, आणि दोन बोटं खाली असलेली पानं हिरवीगार; वाफ्यावर जणू इस्त्री फिरवली होती. पातळ प्लास्टिक उष्णतेचे किरण अडवत नाही आणि स्वतः गार पडून टेकलेल्या पानालाही गार करतं. तंबू करून वापरलं असतं तर थोडं चाललं असतं. बाजारातली हिरवी जाळी एकेरी असली तर फारशी कामाची नाही, दुहेरी-तिहेरी घडीची बरी.

तुळशीचं वेगळं खातं आहे. ती थंडीला हळवी, आणि ग्वाल्हेरच्या हिवाळ्यात बहुतेक घरांतली तुळस काडी होऊन जाते. आमच्या वृंदावनाला आत्या संध्याकाळी आजीचं लुगडं गुंडाळायची : चार कोपऱ्यांना चार वेताच्या काठ्या, त्यांवरून दुहेरी लुगडं, वर पदराची गाठ, आणि एका बाजूला दिव्यापुरती फट. मी एकदा म्हणालो, "आत्या, फटीतून थंडी जाईल की." ती म्हणाली, "देवाला बघायला नको का बाहेर?" फट बाजूला होती, वरून सगळं बंद. तुळस दर वर्षी तगायची.

एवढ्या थंडीत पाणी घालायचं? झाड आणखी गारठणार नाही का?

घालायचं, पण मातीला आणि दुपारी. कोरडी माती म्हणजे हवेनं भरलेली गादी, ती दिवसाची ऊब खोल साठवतच नाही. ओली माती जास्त ऊब धरते आणि रात्री खालून वर पोचवते. शेतकरी पाल्याच्या इशाऱ्यावर हलकं ओलीत करतात ते याचसाठी. याच कारणानं त्या आठवड्यात खुरपणी करू नका. भुसभुशीत माती ऊब अडवते. पालापाचोळ्याचं आच्छादनही मुळांना उबेत ठेवतं, पण वरच्या फुलांना मिळणारी ऊब तोडतं. फुलं वाचवायची असतील तर चार दिवस ते बाजूला सारा.

रात्री पानांवर फवारा मारायचा मोह टाळा. परदेशात फळबागांवर रात्रभर तुषार सोडतात हे खरं. एक ग्रॅम पाणी गोठताना ८० कॅलरी उष्णता सुटते, तीच कळीला शून्याच्या आसपास धरून ठेवते. पण त्यासाठी तुषार सकाळी बर्फ वितळेपर्यंत अखंड चालू लागतो. मध्ये थांबलं की उलटं होतं : एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना जवळजवळ ६०० कॅलरी शोषल्या जातात, आणि त्या पानातूनच जातात. बाटलीतला फवारा रात्री एकदा मारून झोपणं म्हणजे झाडाला ओल्या पंचानं गुंडाळून गच्चीवर ठेवणं.

शेकोटी पेटवून धूर करू?

शेतात धूर करण्याचा सल्ला आपल्याकडे जुना आहे आणि अजूनही दिला जातो. माझं मत विचाराल तर अंगणात नको. धुराचे कण इतके बारीक असतात की जमिनीतून वर जाणारी उष्णता त्यांना जुमानत नाही. उपयोग झालाच तर आगीच्या आचेचा आणि त्यामुळे हवा ढवळली जाण्याचा, धुराचा नाही. आधीच हिवाळ्यात शहराची हवा खोकला आणणारी. फुलं वाचली नाहीत आणि शेजारच्या काकांना दमा मात्र उठला, असं होऊ देऊ नका.

तंबूत बल्ब लावला तर?

जुना ६० किंवा १०० वॅटचा तारेचा बल्ब चालतो; एलईडीचा उजेड पडतो, ऊब नाही. वायरचे जोड सुके आणि कापडापासून दूर. लहान मुलं असतील त्या घरात मी लावा म्हणणार नाही.

गंधकाची फवारणी करतात म्हणे?

रब्बी पिकांसाठी सल्ला असतो : पाण्यात विरघळणारं ८० टक्के गंधक लिटरला २ ते ३ ग्रॅम, किंवा थायोयुरिया लिटरला अर्धा ग्रॅम. घरच्या भाजीवर पाला पडायच्या आधी हे मारता येईल. पडल्यावर मारून उपयोग नाही. शेतीत हजार लिटर पाण्यात एक लिटर गंधकाम्लाचाही सल्ला आहे. तो वाचून कुणी घरात आम्लाची बाटली आणू नये. डोळे दोनच आहेत.

आपल्याकडे राजमाता विजयाराजे सिंधिया कृषी विश्वविद्यालय २००८ पासून आहे. हवामान खात्याचा शेतीसल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो, 'मेघदूत' ॲपवर जिल्हा निवडला की दिसतो. हिंदीत "पाला पड़ने की संभावना" अशी ओळ आली की माझ्यासाठी तेवढं पुरे.

सकाळी उठलो तर सगळं पांढरं. आता?

चहा घ्या. गोठलेलं पान पापडासारखं असतं, हात लावलात की मोडतं. झाडं हलवू नका, झटकू नका, कढत पाणी तर मुळीच नको. पूर्वेचं पहिलं ऊन थेट पडत असेल तर त्या बाजूला एखादी चादर आडवी धरा, बर्फ सावकाश वितळू दे. दुपारी मातीत हात घालून बघा, कोरडी असेल तर पाणी द्या. आठ-दहा दिवस खत नाही.

काळ्या फांद्या फार वाईट दिसतात. छाटून टाकू?

थांबा. हे मी दर वर्षी सांगतो आणि दर वर्षी कुणीतरी कात्री चालवून मग फोन करतं. काय मेलं आणि काय जिवंत आहे हे पाल्यानंतर लगेच कळत नाही. शिवाय वरच्या मेलेल्या पानांचं छप्पर खालच्या जिवंत डोळ्यांना पुढच्या पाल्यापासून आडोसा देतं. मी एकदा जास्वंद जानेवारीअखेर स्वच्छ छाटली. पंधरा दिवसांत सुंदर तांबूस फूट आली, आणि फेब्रुवारीच्या एका रात्रीनं ती मुळापर्यंत नेली. पहिल्या पाल्यानं तिच्या फक्त टोकांना धक्का लावला होता. बाकीचं मी केलं.

होळीपर्यंत धीर धरा. मग नखानं साल हलकी खरवडा. आत हिरवं असेल तर फांदी जिवंत, तपकिरी असेल तर हिरवं लागेपर्यंत खाली या आणि तिथे कापा.

मऊ देठाची झाडं, झेंडू-गुलमेंदीसारखी, काळी पडली की गेलीच. ती उपटा, जागा मोकळी करा.

आंब्याचा मोहर काळा पडलाय. यंदा कैरी नाही?

सगळा मोहर एकदम फुललेला नसतो, त्यामुळे सगळा जातही नाही. उघड्या शेंड्यावरचे घोस जळतात, आतल्या बाजूचे पानांच्या आडोशानं राहतात. मोठी झाडं कधी कधी मागाहून थोडा मोहर देतात. आमच्या झाडाला पाल्याच्या वर्षी लोणच्यापुरत्या कैऱ्या येतातच, मोरांब्याचं सांगत नाही.

सरकारी भरपाई मिळते का?

शेतातल्या पिकाला, पंचनामा होऊन. २०११ च्या जानेवारीत मध्य प्रदेशात पाल्यानं रब्बीची दैना केली होती, तेव्हा हा प्रश्न फार गाजला. तुमच्या पेटुनियाचा पंचनामा करायला पटवारी येणार नाही.

चादरी कधी आवरायच्या?

महाशिवरात्रीनंतर, धुऊन. त्याआधी माळ्यावर टाकल्या की परत काढायचा कंटाळा येतो आणि तीच रात्र नडते.

डेलिया वरून पूर्ण गेला. कंद उपटून फेकू?

अजिबात नाही. पाला वरच्या झाडाला लागतो. आपल्याकडची जमीन कंदाच्या खोलीपर्यंत गोठत नाही. काळा देठ जमिनीपासून चार बोटं ठेवून कापा. देठ पोकळ असतो, त्यात पाणी साचून कंद सडतो, म्हणून तोंडावर मातीचा लिंबाएवढा गोळा बसवा. पाणी बेताचं. दिवस तापायला लागले की बुडातून फूट येते. मार्चअखेर त्यावर फूल आलं तर ते वाटीएवढंच असेल, थाळीएवढं नाही. एप्रिलमध्ये पानं पिवळी पडली की कंद काढून, माती झटकून, मडक्यात कोरड्या वाळूत घालून घरातल्या सगळ्यांत गार खोलीत ठेवा. मडक्यावर खडूनं रंग लिहा. आमच्याकडे तीन मडकी नुसतीच "डेलिया" लिहिलेली आहेत.